समुद्राकाठच्या घरापुढे काँक्रीटची भिंत घालावी का? सल्ला द्या

अमळनेरकर:
राम राम मंडळी. मोठा भाऊ जिल्हा परिषदेत मास्तर आहे, दापोली तालुक्यात. बदलीची वाट बघता बघता तिकडचाच झाला आणि समुद्राला लागून जुनं कौलारू घर घेतलं. आता दर पावसाळ्यात उधाण आलं की अंगणापुढची वाळू तुटत चालली, कडेचे नारळ मुळासकट आडवे झाले. गवंडी म्हणतो आठ फुटी उभी भिंत घाला, काळजी मिटेल. कापसाचे पैसे आलेत, आम्ही घरचे मिळून देऊ, पण आपण तापीकाठची माणसं, समुद्राचं काय कळतं. टिकेल का भिंत?

सातपुड्याचा_गडी:
भाऊ, आधी त्या गवंड्याला थांबवा. मी रत्नागिरीकडे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या कामावर होतो. उभ्या भिंतीवर लाट आपटते आणि जोरात मागे फिरते, जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते, पाया उघडा पडला की भिंत कलते. शिवाय भिंत जिथं संपते तिथून पाणी वळून शेजारच्याची वाडी खातं, मग भांडणं. म्हणून बंधारा उताराचा आणि सुट्या दगडांचा करतात, खाली जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड, त्यावर बारीक दगड, वर मोठे धोंडे, फटींमध्ये लाटेचा जोर जिरतो. मुंबईत मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, त्याचसाठी आहेत. पण हे एका घरापुरतं करून उपयोग नाही, अख्ख्या गावाच्या किनाऱ्याचं काम आहे ते.

भुसावळ_जंक्शन:
वाळू कशामुळे जातेय ते बघितलं का? जवळपास नवीन जेटी झाली का, खाडीतून वाळू उपसतात का? पुद्दुचेरीत १९८९ ला बंदराचे बांध समुद्रात घातले आणि दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू तिथंच अडली, मग उत्तरेला शहरापुढचा किनाराच गेला, शेवटी धोंडे टाकावे लागले. आपली गिरणा नदी बघा ना, वाळू उपसून उपसून काठ कसे ढासळतात.

ताई_चोपडा:
परवानगीचं कोणी बोललंच नाही! भरतीरेषेजवळची जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारी पट्ट्यात येते, २०१९ ची अधिसूचना वाचा, स्वतःच्या मनाने भिंत घातली तर पाडायची नोटीस येऊ शकते आणि कापसाचे पैसे पाण्यात. ग्रामसभेचा ठराव करून सागरी मंडळाकडे बंधाऱ्याची मागणी करा, वेळ लागेल पण रस्ता तोच आहे. तोवर वाळूचा उंचवटा अजिबात सपाट करू नका, खरी ढाल तीच. त्यावर मर्यादवेल पसरू द्या, मागे केवडा. नुसत्या सुरूच्या झाडांच्या भरवशावर राहू नका, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात किती सुरू पडले ते दापोलीकरांना विचारा. त्या वादळात घरांचं जास्त नुकसान वाऱ्यानेच केलं, कौलं-पत्रे उडाले, त्यामुळे आधी छप्पर आवळून घ्या, माझं तर ठाम मत आहे की पहिला खर्च तिथंच करा.

अमळनेरकर:
सगळ्यांचे खूप आभार. भावाला लगेच फोन केला, भिंत रद्द. गावाशेजारी खाडीच्या तोंडाशी वाळूचे सक्शन पंप चालतात म्हणे, ते पण ठरावात घालायला सांगितलं. ताई, मर्यादवेल नर्सरीत मिळते का?

ताई_चोपडा:
विकत कशाला, किनाऱ्यावर जिथं दाट असेल तिथून गाठी असलेले वेलाचे तुकडे आणायचे आणि पाऊस सुरू झाला की वाळूत पुरायचे, गाठीगाठीला मुळं फुटतात. फक्त गुरं आणि गाड्या तिथं जाऊ देऊ नका.