गोष्ट आधी की टीजी आधी?

ओसरी (धागाकर्ती)
आठ वर्षं मालिकांचे संवाद लिहितेय. गेल्या महिन्यात एका वाहिनीच्या बैठकीत आमची नवी गोष्ट ऐकवली. तासगावची मुलगी वडील गेल्यावर द्राक्षबाग हातात घेते. पहिला प्रश्न आला, "टीजी काय?" मुलगी कशी आहे, पुढे काय होतं, हे कोणी विचारलंच नाही. मी म्हटलं, शेतकरी घरं, लहानथोर सगळे. त्यावर उत्तर, "साडेसातचा स्लॉट पस्तिशीपुढच्या बायकांचा. बाग कमी करा, स्वयंपाकघर वाढवा."

टीजी म्हणजे टार्गेट ग्रुप. टीव्हीवर कोण काय बघतं ते बार्क ही संस्था मोजते. दर गुरुवारी तिचे आकडे येतात ते वय, स्त्री-पुरुष, शहर-गाव आणि घराचा एनसीसीएस वर्ग, म्हणजे घराची ऐपत, अशा चाळण्यांतून. हा वर्ग ठरतो दोन गोष्टींवर: मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, एसी अशी ती यादी. त्यातच शेतजमीन. दोन एकर असो की वीस, खूण एकच, पंख्यासारखी. बाग कोण राबवतं हे त्यात कुठेच येत नाही.

साबण-पावडरवाल्यांना गिऱ्हाईक मोजायला हे वर्ग लागतात, समजू शकते. जाहिरात कुठे लावायची ते त्यावरून ठरवा. पण गोष्टीत काय घडणार तेही त्यावरूनच? हे मला मान्य नाही.

ताळेबंद
अजिबात पटलं नाही. मी बारा वर्षं एका मसाला कंपनीसाठी टीव्हीवरची वेळ विकत घेतली. तुमची मालिका घराघरांत दिसते कारण दहा-दहा सेकंदांचे पैसे कोणीतरी मोजतं. ते पैसे कोणापर्यंत पोचले याचा हिशोब मला मालकांना द्यावा लागे. "लहानथोर सगळे" असं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो.

आणि आकड्यांनी शेतकऱ्याला बाहेर ठेवलं म्हणता, ते उलट आहे. २०१५ आधी टॅम ही संस्था मोजायची, आणि काही घरांतल्या टीव्हीला लावलेले तिचे मीटर शहरांतच होते. त्या ऑक्टोबरपासून बार्कने खेडी धरली आणि वाहिन्यांची क्रमवारीच हलली, फुकट दिसणाऱ्या वाहिन्या वर आल्या. गावातला प्रेक्षक बैठकीत पोचला तो मोजणीमुळेच, कोणाच्या कळवळ्यामुळे नाही.

वाचक ठरवून छापणं मराठीला नवीन आहे का? किर्लोस्करांनी १९३० साली खास बायकांसाठी 'स्त्री' मासिक काढलंच ना?

ओसरी
'स्त्री'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. वाचक बाई आहे हे ठरलं, म्हणून त्यांनी नुसत्या पाककृती नाही छापल्या. लग्न, शिक्षण, नोकरी यांवर वाद घातले. प्रेक्षक ओळखणं वेगळं आणि त्याला काय झेपेल हे आपणच ठरवून टाकणं वेगळं.

केळीचंपान, जळगाव
दोघंही आमच्या घरी साडेसातला येऊन बघा. टीव्ही एकच. आई ओट्यापाशी, पाठ टीव्हीकडे, तव्यावर पोळी. मालिका ती ऐकते. मालिकेत दार वाजलं की विचारते, "कोण आलं रे?" आणि आम्ही सांगतो. समोर बसून बघणारे बाबा आणि आजोबा.

मीटर लावलेल्या घरात प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण दाबावं लागतं. आमच्याकडे मीटर नाही, पण असता तर आई कणकेचे हात धुऊन बटण दाबायला आली नसती. मग तो आकडा कोणाचा धरायचा?

मधली सुट्टी
मोजणीत चूक आहे म्हणून मोजणीच सोडायची का? 'बाईपण भारी देवा' २०२३ मध्ये आला. सहा बहिणी आणि मंगळागौर. माझी मावशी आणि तिच्या भिशीतल्या चौदा जणी नऊवारी नेसून गेल्या. त्यातल्या निम्म्या कित्येक वर्षांत थिएटरला गेल्या नव्हत्या. त्या वयाची बाई तिकीट काढते हे कोणीतरी ओळखलं, तिच्यासाठी सिनेमा केला आणि तिच्यापर्यंत पोचवला. यालाच प्रेक्षक धरून चालणं म्हणतात. मला यात काही वाईट दिसत नाही.

ओसरी
मलाही दिसत नाही. पण थिएटरला न जाणाऱ्या बाया जुन्या आकड्यात कुठे सापडल्या असत्या? आकडा कालचा प्रेक्षक सांगतो. जो अजून आलेलाच नाही त्याच्यावर कोणीतरी आधी विश्वास टाकावा लागतो.

ताळेबंद
हे मान्य. पण विश्वास विकता आला पाहिजे. पुढच्या वेळी "सगळ्यांसाठी" म्हणू नका. शहर आणि ग्रामीण आकडे वेगळे मागा. ठिबक, ट्रॅक्टर, फवारणीची औषधं यांचे जाहिरातदार साबणवाल्यांपेक्षा वेगळे असतात. त्यांना शेती असलेलंच घर हवंय. तुमची बाग ही तुमची अडचण नाही, तोच तुमचा टीजी आहे.

ओसरी
हे त्या बैठकीत सुचलं असतं तर! आकडे मागते.

केळीचंपान, तुमच्या आईंमुळे पहिला एपिसोड मात्र बदलतेय. मुलगी पहिल्यांदा गोडी छाटणीला, म्हणजे द्राक्षं धरायच्या छाटणीला, उभी राहते तो प्रसंग मी संवादाशिवाय लिहिला होता, नुसता बघायचा. आता कात्रीचा आवाज, मागून काडी मोजणाऱ्या बायका, आणि "इथं नको, दोन डोळे वर धर" असं काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, दाखवत सांगणारी म्हातारी. पाठ टीव्हीकडे असली तरी कळेल असा.