2011 ची वॅगनआर: ठेवू की एक्स्चेंजला देऊ?

पंचवटीकर: एमएच-15, पेट्रोल, वडिलांच्या नावावर. एसी लावून कसारा घाट चढताना थोडी दमते, बाकी तक्रार नाही. सर्व्हिसिंगला शोरूममध्ये नेली तर इंजिनाकडे नीट न बघताच टायमिंग बेल्ट, क्लच, सस्पेन्शन असं एस्टिमेट हातात. लगेच सेल्सचा पोरगा चहा घेऊन हजर, "काका, एक्स्चेंज बोनस फक्त या महिन्यात." भाव भंगाराचा सांगितला! रजिस्ट्रेशनची 15 वर्षं भरत आलीत. काय करू?

ग्रीसवाला: टायमिंग बेल्ट? अहो, तुमच्या गाडीच्या के-10 इंजिनाला त्या जागी चेन असते, बेल्ट नसतोच. उरलेलं एस्टिमेटही तेवढंच खरं समजा. आपल्या नाशिकच्या द्वारकेकडे एखाद्या जुन्या मिस्त्रीला क्लच दाखवा. आणि खालून पत्रा बघा. गंज नसेल तर गाडी ठेवाच.

सातपूरचा भाऊ: पासिंग, म्हणजे रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, पेठ रोडच्या आरटीओत. फी 5,000, वर पर्यावरण कर, पीयूसी, इन्शुरन्स. पास झाली की 5 वर्षं बघायला नको. मुदत संपायच्या आधीच अर्ज टाका.

पंचवटीकर: बेल्टचं विचारायला शोरूमला फोन केला. म्हणे, "सिस्टीममध्ये तसंच येतं." ठेवतोय गाडी. द्वारकेला क्लचवाला कोण चांगला?