कुट्टनाड: एका दिवसातही पुरेसे

केरळातले कुट्टनाड पाहायचे तर हाउसबोटीत मुक्कामच हवा, असे वर एका सदस्यांनी लिहिले आहे; आम्हा कोल्हापूरकरांचा अनुभव वेगळा आहे. आलप्पुळाहून कोट्टयमला जाणारी सरकारी प्रवासी बोट साधारण अडीच तासांत त्याच भागातून नेते, आणि तिच्यात गावची माणसे भेटतात, हा लाभ वेगळाच. पंपा, मीनाचिल, मणिमला व अच्चनकोविल या नद्यांच्या गाळाने घडलेल्या या प्रदेशात भातखाचरे समुद्रसपाटीच्याही खाली असल्यामुळे बोटीतून बांधापलीकडचे शेत चक्क आपल्या पायांखाली दिसते. आपल्याकडे पंचगंगेचे पाणी मोटारीने उसापर्यंत वर चढवावे लागते. तिथे शेतातले पाणी उपसून कालव्यात टाकल्याखेरीज पेरणीच होत नाही. बांधावरच्या पंपाच्या लाकडी पेटीतून ते पाणी धबाधबा बाहेर पडताना पाहून शिरोळचे आमचे मामा (महापुरात ज्यांचा ऊस दोनदा कुजला) बराच वेळ गप्प होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या शेतीला जागतिक कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. ऊन टाळण्यासाठी सकाळची पहिली बोट धरावी.