माती बांधाच्या मागच्या अंगाला ओल, आणि तळ्यात मासे कोणते?

डोंगरउतार:
भोर भागात मुरमाड उतारावर स्वतःच्या जमिनीत ओहोळ अडवून केलेला माती बांध आहे. लांबी 200 फूट, मधोमध उंची 15 फूट, माथा 8 फूट रुंद. पोटात काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम, आतून दगडी पिचिंग (रचलेल्या दगडांचा थर). पूर्ण भरल्यावर पाणी 25 गुंठ्यांत पसरतं, मे महिन्यात 7-8 गुंठ्यांवर येतं. पाणलोट 30 एकर. सांडवा 6 फूट रुंद, त्याच्या तळापासून माथा 2 फूट वर. बांधाखालून 4 इंची पीव्हीसी पाइप काढून व्हॉल्व्ह बसवलाय.

यंदा पहिल्यांदाच काठोकाठ भरलं. गणपतीपासून मागच्या उतारावर, पायथ्यापासून 3-4 फूट वर, खाटेएवढी ओल आहे आणि पाणी झिरपतंय. गावात सांगतात, चिकणमातीचे दोन डंपर ओता. ओतू का? तळं मुख्यतः पक्ष्यांसाठी ठेवायचंय, थोडे मासेही हवेत. खाद्य घालणार नाही.

मुरूम_काळी:
मागच्या बाजूला चिकणमाती अजिबात नको. पाण्याची बाहेर पडायची वाट बुजली की बांधाच्या पोटात पाणी वर चढतं, उतार भिजून जड होतो आणि घसरतो. पाणी येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही, एवढंच साधायचं आहे.

आधी ओल पाइपच्या रेषेत आहे का ते बघा. पाइपाच्या कडेने वाट पडली असेल तर वरवरचे उपाय चालत नाहीत. मग छोटा चर काढून झिरपणारं पाणी एका जागी आणा आणि 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. तेच पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. तळाला गाळ बसला तर बांधातली माती वाहतेय, लगेच पाणी उतरवायला घ्या. तेही दिवसाला वीतभरच, कारण एकदम उपसलं तर आतल्या भिजलेल्या उताराचा आधार जातो आणि तो पिचिंगसकट खाली येतो. पाणी गढूळ होऊन जोरात यायला लागलं तर मात्र आधी ओहोळाच्या खालच्या अंगाची माणसं-जनावरं हलवा.

डोंगरउतार:
ओल पाइपपासून 20 फूट डावीकडे आहे. बादली 40 सेकंदांत भरते. बाटलीत गाळ नाही.

मुरूम_काळी:
म्हणजे सेकंदाला पाव लिटर, दिवसाला साधारण 21,600 लिटर. आकडा मोठा वाटतो, पण 25 गुंठ्यांवर पसरला तर रोज साडेआठ मिलिमीटर. उन्हाळ्यात बाष्पीभवनानेच जवळपास तेवढं जातं.

ओलीवर उलटा फिल्टर घाला. गवत हाताने खरवडा, ओलीच्या चारी बाजूंना 3 फूट जास्त जागा धरा. आधी धुतलेली जाड वाळू 6 इंच, त्यावर 10-12 मिमी खडी 6 इंच, मग 40 मिमी खडी 6 इंच आणि वर डबर. थेट मातीवर खडी टाकली तर माती फटींतून निसटते. वाळूच्या जागी क्रशरची बारीक भुकटी नको, ती घट्ट बसून पाणी अडवते. पायथ्याला चर काढून पाणी ओहोळात सोडा. दर आठवड्याला तळ्याची पातळी आणि बादलीचे सेकंद वहीत लिहा. पातळी उतरत असताना बादली लवकर भरायला लागली तर काळजी करा.

पाझर आतून बंद करायचं काम मे महिन्यात. ओलीच्या समोरचं पिचिंग काढा, उताराला पायऱ्या कापा, काळी माती 6-6 इंचांच्या थरांत धुम्मसाने ठोका. मातीचा लाडू वळला पाहिजे, पण हात चिकट होता कामा नये. वर फूटभर मुरूम हवाच, उघडी काळी माती उन्हात भेगाळते.

सांडवा_आधी:
ओलीची चर्चा ठीक, पण तुमचा बांध जाईल तर सांडव्यामुळे. 30 एकर म्हणजे 12 हेक्टर. ताशी 100 मिमीची सर आणि 0.5 अपधाव (पावसातलं निम्मं पाणी वाहून येतं असं) धरला तर 0.5 × 100 × 12 ÷ 360, म्हणजे सेकंदाला 1.67 घनमीटर पाणी येतं. 6 फुटी सांडव्यातून ते जायला 2.2 फूट उंचीचा लोंढा लागतो आणि माथा आहे 2 फुटांवर! पाणी माथ्यावरून वाहिलं की मातीचा बांध तासाभरातही कापला जातो.

सांडवा 20 फूट करा, लोंढा फुटावर येईल. उंबरठाही फूटभर खाली घ्या. खोदाई बाजूच्या मूळ जमिनीत करायची, भरावात नाही. मासे जातील म्हणून सांडव्यावर जाळी लावायचा मोह टाळा, पालापाचोळा अडकून तीच बंधारा होते.

2019 मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं गेलं, त्यावर बरीच थट्टा झाली. तरी छोट्या बांधावर खेकड्या-घुशींची बिळं शोधून ओली माती ठासून बुजवायलाच हवीत. बाभूळ, सुबाभूळ बांधावर रोपटं असतानाच उपटा, मोठ्या झाडाची मुळं कुजली की आत पोकळी राहते. मागच्या उतारावर हरळी लावा.

टिबुकली:
माशांचा हिशोब मे महिन्यातल्या 7-8 गुंठ्यांवर करा. खाद्य नसेल तर 400 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुरे: कटला 160, रोहू 120, मृगळ 120. लांबी 8 सेंमीच्या वर घ्या, बारीक बीज चतुरांच्या अळ्या आणि खंड्याच फस्त करतात. सांडवा वाहायचा थांबल्यावरच सोडा. पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या. हे मासे साठलेल्या तळ्यात सहसा वीण घालत नाहीत, काढाल तेवढे पुन्हा टाकावे लागतील.

सायप्रिनस (कॉमन कार्प) नको, तळ उकरून पाणी गढूळ ठेवतो. तिलापिया एकदा शिरला की निघत नाही. थाई मांगूरवर बंदी आहे. मरळ हवी असेल तर दुसऱ्या वर्षी, नाहीतर बोटुकली तिच्याच पोटात.

पक्ष्यांना सगळीकडे खोल पाणी कामाचं नाही. बांधाच्या समोरचा काठ 1:6 उताराचा ठेवा, शेकाट्या आणि तुतवार तिथेच उतरतात. पाणकणीस पाव तळ्यापर्यंत राहू द्या, वारकरी पक्ष्यांना आणि हळदीकुंकू बदकांना आडोसा मिळतो. बांधाच्या आतल्या उतारावरचं मात्र काढा, खाली बिळं दिसत नाहीत. पाणकावळे मासे खाणारच, वर नायलॉनची जाळी ताणली तर पक्षी अडकून मरतात. त्यापेक्षा खोल भागात काटेरी फांद्यांच्या मोळ्या दगड बांधून बुडवा. बेडकांसाठी शेजारी एप्रिलमध्ये आटणारा गुंठाभर उथळ खड्डा करा, त्यात मासे सोडू नका.