ताणाच्या दिवसांत बायबलमधलं कोणतं वचन धरून राहिलात? अनुभव सांगा

सलाम मंडळी. मागच्या रविवारी उपासना झाल्यावर चहाला बसलो होतो. आमची मंडळी म्हणजे सात घरं. पाळकसाहेब पंधरा दिवसांतून एकदा मोटारसायकलवर येतात, मधल्या रविवारी आमचं आम्हीच वाचतो. कापसाच्या भावावरून बोलणं कर्जावर आलं, तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "त्या वर्षी मी एकाच ओळीवर काढलं." कोणती ओळ ते मात्र सांगेनात, लाजल्या. म्हणून हा धागा. उपदेश नको, तो रविवारी मिळतोच. घडलं ते लिहा.

सुरुवात मीच करते. आम्ही दारव्ह्याकडचे, कोरडवाहू. २०१७ ची बोंडअळी आठवत असेल. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळी पडलेली कवडी, म्हणजे खराब कापूस. वेचायला बाया यायला तयार नव्हत्या, कारण मजुरीही निघत नव्हती. कृषी केंद्राची उधारी तशीच. घरधनी जेवायचे, पण बोलायचे नाहीत. सासूबाई रोज रात्री बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढायला लावायच्या. त्यात अंजीर, द्राक्षं, जैतून. आमच्या शेतात यातलं काय आहे? म्हणून त्यांनी आपलंच करून घेतलं: पऱ्हाटीला बोंड न धरलं, तुरीले शेंग न आली, गोठ्यात गुरं न उरली. पाळकसाहेबांना कळलं तेव्हा ते नुसते हसले.

यापुढे "तरी" येतं. तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास पावेन. खरं सांगते, तीन आठवडे मी गोठ्यापर्यंत वाचून पुस्तक मिटत होते. "तरी" म्हणवत नव्हतं. सासूबाईंनी कधी टोकलं नाही. पुढची ओळ त्या एकट्या, डोळे मिटून म्हणायच्या.

धारणी, मेळघाट
आमच्याकडे स्तोत्र १२१ सगळ्यांना पाठ. "मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो." शहरात हे ऐकायला गोड लागतं. आम्हाला डोंगर म्हणजे अडचण. धाकटी तापाने फणफणलेली, श्रावणातला पाऊस, आणि अमरावतीच्या वाटेवर दरड कोसळून गाड्यांची रांग लागलेली. मी मराठीत म्हणत होते, माझी आई कोरकूत पुटपुटत होती. डोंगराकडे बघून चिडच आली. मग दुसरी ओळ नीट ऐकली: साहाय्य डोंगराकडून येतं असं तिथं म्हटलेलंच नाही, डोंगर करणाऱ्याकडून येतं. इतकी वर्षं मी चुकीचं समजत होते. रस्ता साडेतीन तासांनी मोकळा झाला. मुलगी आता दहावीत आहे.

एसटी ड्रायव्हर
स्तोत्र २३, मेंढपाळाचं. बस. एकदा रात्री घाटात हेडलाइट गेला तवा बी म्हटलं. पयले गाडी बाजूले घेतली, मंग म्हटलं.

(हा क्रम सगळ्यांनी लक्षात ठेवावा! – धागाकर्ती)

वणी तालुका, नाव नको
माझे वडील शेतीच्या कर्जापायी गेले. कसे, ते लिहीत नाही. मौतीला आलेला प्रत्येक माणूस रोमकरांस ८:२८ सांगून गेला, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात म्हणून. वचन खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण अंगणात तिरडी असताना ते दगडासारखं लागतं. आठ महिने मी पवित्र शास्त्र उघडलं नाही.

नंतर एका मामाने फक्त आकडा लिहून दिला, ८८. ते स्तोत्र वाचा. शेवटी उजेड नाही, अंधारातच संपतं. असंही शास्त्रात ठेवलंय म्हटल्यावर मला पहिल्यांदा मोकळं रडता आलं. मग १३ वं वाचलं. सुरुवातीच्या दोन ओव्यांत चारदा "कोठवर" विचारलंय. मौतीला जाणाऱ्यांना विनंती आहे, हात धरा, चहा करून द्या, वचन नंतर.

आशा कार्यकर्ती, बुलढाणा जिल्हा
वरचं वाचून लिहिते. मला झोपच येत नव्हती, छातीत धडधड व्हायची. "उद्याची चिंता करू नका" म्हणून म्हणून जीभ थकली. एका प्रार्थनासभेत तर सांगितलं, विश्वास कमी पडतोय, गोळ्या बंद कर. मी केल्या, आणि आणखी आजारी पडले. आमच्या पाळकांना सांगितलं तर त्यांनी १ राजे १९ काढलं. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणतो, आता पुरे, मला मरू दे. दूत येऊन त्याला प्रवचन देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. खाऊन तो पुन्हा झोपतो, तर पुन्हा उठवून खायला घालतो. "भाकर खा, गोळी घे, झोप," पाळक म्हणाले. गावात कोणाला फारच जड जात असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी स्वतः बायांना लावून देते.

निवृत्त शिक्षक, अचलपूर
माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आणि स्तोत्रं ऐकून पाठ. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणायचं काम १९२२ ला डोळे मिटेपर्यंत केलं, ते आजीसारख्या खेड्यातल्या बायांना समजावं म्हणूनच. शेवटच्या वर्षी आजी मला ओळखेना, जेवली की नाही ते आठवेना. मी उशाशी बसून नव्या प्रतीतून वाचलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." तिने डोळे न उघडता माझ्या मनगटावर चापट मारली. "यहोवा," म्हणाली. तिच्या जुन्या प्रतीत तसं होतं. मग पुढचं सगळं तिनेच म्हटलं.

एसटी ड्रायव्हर
थ्या काकूची ओळ कोनती, थे तं राह्यलंच.

धागाकर्ती
आज पुन्हा विचारलं. "येशू रडला." योहान ११:३५. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, वचन पाठ न करता आलेली पोरं हेच दोन शब्द म्हणून सुटायची ना, म्हणून लाजत होत्या. म्हणाल्या, "मले तेवढंच येत होतं वं बाई."