कातानियातली सांत आगाता: नवसाच्या मेणबत्त्या पेटवू द्याव्यात का?

एटनाची_शेजारीण
सहा वर्षं झाली, सिसिलीतल्या कातानियात राहते. दर 3 ते 5 फेब्रुवारीला इथे सांत आगाताचा उत्सव असतो. इ.स. 251 मध्ये छळ सोसून मेलेली ही ख्रिस्ती संत मुलगी म्हणजे शहराची राखणदारीण. शंभर मीटरांहून लांब दोर धरून हजारो भाविक तिचा चांदीचा रथ ओढतात, अंगात पांढरा झगा, डोक्यावर काळी टोपी.

माझं भांडण आगाताशी नाही, मेणाशी आहे. नवस बोललेली माणसं स्वतःच्या वजनाइतकी मेणबत्ती खांद्यावर घेऊन चालतात, तीही पेटलेली. इथले रस्ते काळ्या लाव्हाच्या फरश्यांचे. त्यावर मेण थिजलं की काच! वर भुसा टाकतात, पण तो किती पुरणार? गेल्या वर्षी 7 तारखेला माझी स्कूटर घसरली, मनगट मोडलं. पालिका मोठ्या मेणबत्त्या पेटवायला मनाई करते, पण ऐकतो कोण? बंदी कडक करा. मेणबत्ती न्यायचीच तर न पेटवता न्या.

दोर_सोडू_नका
ताई, मनगटाचं वाईट वाटलं. पण न पेटवता नेणं म्हणजे वात न लावता समई ओवाळणं. माझ्या वजनाचं मेण तुझ्यासाठी जळेल, असा तो नवस. जळलंच नाही तर फिटला कसा? आठवडाभर स्कूटर घरी ठेवा.

एटनाची_शेजारीण
घरी ठेवून कामावर उडत जाऊ? माझी ड्युटी पहाटे पाचला सुरू होते, तेव्हा बस नसते.

साधा_प्रश्न
मेणापेक्षा माणसांचं बघा. सान जुलियानो रस्त्याच्या चढावर रथ पळत चढवायची रीत आहे. 2004 मध्ये तिथे एक तरुण चेंगरून मेला. तेव्हापासून त्या धावेवर बंधनं आली, काही वर्षी ती झालीच नाही. म्हणून उत्सव संपला का? धाव आवरली तर मेणबत्तीही आवरता येईल.

दोर_सोडू_नका
चढावर जीव जातो, मेणावर स्कूटर घसरते. दोन्ही एका मापाने मोजता?

साधा_प्रश्न
मेणावर म्हातारी माणसंही घसरतात. त्यांचं माप कुठलं?

जुनी_वही
‘परंपरा’ म्हणताना जरा जपून. पांढऱ्या झग्याचीच गंमत बघा. 17 ऑगस्ट 1126 च्या रात्री आगाताचे अवशेष कॉन्स्टॅन्टिनोपलहून परत आले, लोक झोपेतून उठून अंगावरच्या कपड्यांनिशी धावले, तोच हा झगा, असं सांगतात. इतिहासकारांना हे पटत नाही, लोकांना पटतं. मला तर दंतकथाच आवडते. पण जी रीत अशी घडत आली ती पुढेही बदलू शकेल.

दोर_सोडू_नका
बदलली तर भाविकांनी बदलावी, पालिकेच्या आदेशाने नव्हे.

मासळीबाजार
मेण खरवडता येतं हो! खरी कीड वेगळी आहे. खाटीक, मासेविक्रेते, पाववाले, प्रत्येक धंद्याची एक कांदेलोरा असते. कोरीव, सोनेरी मुलामा दिलेला लाकडी मनोरा, वजन कित्येक क्विंटल. माणसं तो खांद्यावर घेऊन डुलत चालतात. तो कुणाच्या दारात थांबला यावरून वजनदार कोण ते गल्लीला कळतं. माफियाने उत्सवात हात घातल्याचा खटलाही चालला होता, आरोपी सुटले. त्यावर धागा काढायचं धाडस आहे कुणात?

एटनाची_शेजारीण
नाही. मला इथंच राहायचंय.

बाकी, ‘भाविकांनी बदलावी’ हे मान्य. आमच्या जिन्यातल्या आजीबाई यंदा छोटी मेणबत्ती नेणार आहेत, तीही हातात डबा धरून, म्हणजे मेण त्यातच पडेल. लेक हसला तर म्हणाल्या, “आगाताला तराजू लागत नाही.” डबा मात्र माझ्याकडूनच नेला. चहापत्तीचा होता, पुण्याहून आणलेला.

दोर_सोडू_नका
डब्याला माझी हरकत नाही. पेटलेली असली म्हणजे झालं.