विजेची शेगडी आणि न दिसणारा जाळ : तुमचे अनुभव लिहा

उंबरठा

काल शेजारी नवीन रेंज बसली. वर चार कॉइल, खाली ओव्हन. बसवणारा माणूस निघताना शेजारच्या आजींना सांगत होता, "आजी, यात जाळ दिसणार नाही हं. चालू की बंद ते बटणाकडे बघून ठरवायचं, शेगडीकडे बघून नाही." ते ऐकलं आणि मला आमची आजी आठवली.

आमच्याकडे पहिली विजेची शेगडी आली तेव्हा आजीचा सगळा जन्म जाळ बघून स्वयंपाक करण्यात गेलेला. त्या काळ्या वेटोळ्याकडे ती वाकून बघायची आणि विचारायची, "पेटलीय का गं ही मेली?" मोठी ठेवली की कॉइल लालभडक, तेव्हा प्रश्न नसायचा. बारीक ठेवली की मात्र घटकेत लाल, घटकेत काळी. आतला खटका पूर्ण वीज देतो, तोडतो, परत देतो, असं ते चालतं हे मला फार नंतर कळलं. आजीच्या हिशेबी काळी म्हणजे विझलेली. अशाच एका काळ्या कॉइलवर तिने डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण ठेवलं. वासाने सगळं घर गोळा झालं. झाकण वेटोळ्यांमधून ओघळून खालच्या वाटीत साचलं होतं. निळं होतं, अजून डोळ्यांसमोर आहे.

आईने मेन बंद केला, खिडक्या उघडल्या, आजीला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात नवी पद्धत सुरू झाली. शेगडी बंद केली की तिच्यावर थोडं पाणी घातलेलं पातेलं ठेवायचं. उरलेली धग पाण्यात जाते, आणि पातेलं दिसलं की हात लावायचा नाही. आजीला हे लगेच पटलं, कारण पातेलं डोळ्यांना दिसतं.

शेजारच्या आजींना एवढं सांगून आले. आणखी काय काय सांगावं? कॉइल, हॉटप्लेट, काचेची, इंडक्शन, ओव्हन, ज्याच्याकडे जे असेल त्याने लिहा.

गोधडी

मांजर!!!
मुलाला आणायला निघालेय, येऊन लिहिते.

खटपट्या

कढईतलं तेल पेटलेलं पाहिलंय. आम्ही चौघे एका खोलीत राहायचो, तेव्हाची गोष्ट. ज्याची पाळी होती तो तेल तापत ठेवून दाराशी कुणाशी तरी बोलत उभा. आधी धूर झाला, मग भप्पकन ज्वाळा. दुसरा पाण्याची बादली उचलून निघाला, त्याचा दंड मी धरला. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि क्षणात वाफ होतं. एक लिटर पाण्याची साधारण १७०० लिटर वाफ. ती पेटतं तेल घेऊनच वर उसळते. खोलीचं छत गेलं असतं, आणि आमचे चेहरेही.

मोठं झाकण बाजूने सरकवत कढईवर टाकलं, बटण बंद केलं. खरी गंमत (तेव्हा गंमत वाटली नव्हती) पुढेच. गॅस बंद केला की खालची आग संपते. कॉइल बंद केली तरी खालून तेल तापतच राहतं. दोन मिनिटांनी एकाला झाकण उचलून बघायचं होतं! उचललं असतं तर हवा मिळून परत पेटलं असतं. कढई हलवायचीही नाही, पेटतं तेल अंगावर यायचं. झाकण तसंच ठेवून सगळे बाहेर जाऊन बसलो, कढई पूर्ण गार झाल्यावरच आत आलो.

तेलातून धूर यायला लागला की तिथेच थांबायचं. बहुतेक तेलं २००–२३० अंशांच्या आसपास धुरायला लागतात, पेटायला साडेतीनशेच्या वर जावं लागतं. म्हणजे ते आपल्याला सांगत असतं, आपणच दाराशी गप्पा मारत असतो.

चांदणचुरा

"पेटलीय का गं ही मेली" 😂😂 आमच्या आजेसासूबाई अजूनही इंडक्शनवर फुंकर मारतात बंद करताना.

उंबरठा

@चांदणचुरा, मग त्यांची नि आमच्या आजीची भेट व्हायला हवी होती.
@खटपट्या बापरे. झाकण जवळच होतं म्हणून निभावलं. तळण करताना कढईएवढं झाकण शेजारी काढून ठेवायला सांगते शेजारी.

उचकी

आमचे दीर पोटाने शेगडी चालू करतात. खोटं नाही. बटणं पुढच्या बाजूला, हे ओट्याला टेकून फोनवर बोलत उभे, आणि शेगडीवर बाजारातून आणलेली कापडी पिशवी. जाऊबाई ओरडल्या तोवर पिशवीचा तळ तपकिरी झालेला. दुरुस्तीवाला म्हणाला, बटण आधी आत दाबून मग फिरवायचं असतं, तुमच्यातली स्प्रिंग मेलीय. बदलून घेतली.

पिशवी तिथे ठेवली कोणी यावर घरात अजून एकमत नाही. पण शेगडी म्हणजे ओट्याची जास्तीची जागा नव्हे, हे मात्र सगळ्यांना पटलं.

कळफलक

वीज गेलेली असताना घराबाहेर पडणाऱ्यांनो, लक्ष द्या.

काकूंकडे साधी नॉबवाली कॉइल. दूध तापत होतं, वीज गेली. काकू म्हणाल्या येईल तेव्हा बघू, आणि देवळात गेल्या. नॉब होता तिथेच. वीज आली ती काकूंच्या आधी. शेजाऱ्यांना वास आला, त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून बरं. पातेल्याचा तळ वितळला नव्हता एवढंच.

नॉबवाल्या शेगडीला वीज गेल्याचं कळत नाही, आली की ती कामाला लागते. टच पॅनेलवाल्या बहुतेक बंदच राहतात. पण 'बहुतेक'वर विसंबू नका, अंधार झाला की पहिला हात बटणाकडे.

लोहचुंबक

वायरिंगचं काम करतो, म्हणून राहवत नाही. मोबाईलवर टंकतोय, चुका समजून घ्या.

लोकांचं सगळं लक्ष वरच्या कॉइलकडे, भिंतीतल्या सॉकेटकडे कोणी बघत नाही. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढते. ती एक्स्टेंशन बोर्डाला लावायची, त्याच बोर्डाला मिक्सर, मोबाईलचा चार्जर. बोर्डाची वायर बोटभर लांबूनही गरम लागते. एका घरी सॉकेटचं भोक तपकिरी झालं होतं, पिन काढायला गेलो तर प्लॅस्टिक चिकटून सोबत आलं. आणि बाई म्हणाल्या, "वास येतो अधूनमधून, पण चालते." चालते!!

चार कॉइल आणि ओव्हनवाली पूर्ण रेंज असेल तर तिला फक्त तिची अशी वेगळी लाइन आणि वेगळा ब्रेकर लागतो. ती कामं घरच्या घरी करू नका.

दुसरं. भाजी ढवळताना हाताला झिणझिण्या येत असतील तर "थोडा करंट मारते" म्हणून हसू नका. कॉइलमध्ये आत तापणारी तार असते, तिच्याभोवती वीज न वाहणारी पूड, आणि वरून धातूची नळी. नळीला तडा गेला की वीज भांड्यात येते. अर्थिंग नीट असेल आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा खटका) लावला असेल तर तो लगेच पडतो. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणारे भेटलेत. तो बिचारा त्याचं काम करत होता.

जुन्या मातीच्या शेगड्या, ज्यात तार उघडी दिसते, त्या कोणाकडे असतील तर भंगारात द्या. तारेला चमचा लागला तर थेट फेज.

मोरपंखी

@लोहचुंबक दादा, कॉइल खालच्या वाटीत फॉइल घातलं तर चालतं का? साफ करायचा कंटाळा येतो.

लोहचुंबक

नका घालू ताई. कॉइलच्या टोकांना लागलं तर ठिणगी उडते. वाटी काढून साबणाने घासा, कॉइल मात्र पाण्यात बुडवू नका.

गोधडी

आले. तर मांजर.

आमची काचेची, टचवाली. आमचा बोका खिडकीत चढताना शेगडीवरून जातो. एक दिवस टिक् असा आवाज आला, मी बाहेर कपडे वाळत घालत होते, लक्ष दिलं नाही. आत आले तर शेगडीवरच्या वेताच्या टोपलीखालून धूर, आणि बोका शांतपणे खिडकीत. पंजा बरोब्बर बटणावर! इंडक्शन असती तर टोपलीने काही झालं नसतं, भांडं नसलं की ती तापतच नाही. आमची मात्र काचेखाली तारच असते, वर काय आहे ते ती विचारत नाही.

आता कुलूपाचं बटण दाबून ठेवल्याशिवाय मी स्वयंपाकघर सोडत नाही. लहान मुलांसाठी दिलेलं असतं ते, आमच्याकडे बोक्यासाठी.

चांदणचुरा

बोका ठीक आहे ना?

गोधडी

त्याला काय धाड भरलीय. टोपली गेली.

सांजवेळ

इथे लिहू की नको असं वाटत होतं. बाबांना विसर पडायला लागलाय. स्वतःचा सकाळचा चहा स्वतः करायचा हा त्यांचा जुना परिपाठ, आणि एका सकाळी भांडं कोरडं जळेपर्यंत ते पेपर वाचत बसले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी शेगडीजवळ गेलोच नाही." भांडायचं कोणाशी?

आधी नॉब काढून ठेवले. तेव्हा दिवसभर शोधत होते, बघवेना. आता रात्री शेगडीचा ब्रेकर पाडून ठेवतो आणि सकाळी त्यांच्यासाठी आपोआप बंद होणारी विजेची किटली. चहा तेच करतात. ठरावीक वेळाने शेगडीची वीज तोडणारे टायमर मिळतात, काही हालचाल ओळखणारे असतात, समोर कोणी नसलं की बंद करतात. कोणी वापरलाय का? म्हातारा माणूस खुर्चीत शांत बसला तर तो त्याला 'नाही' धरतो का, हे हवंय मला.

उंबरठा

बरं केलंत लिहिलंत. किटलीची कल्पना फार चांगली. त्यांचं काम त्यांच्याकडे राहिलं.

कळफलक

@सांजवेळ आईसाठी साधा टायमरवाला लावलाय, हालचालवाला नाही. दर वेळी सुरू करताना बटण दाबावं लागतं, ती कुरकुरते पण सवय झाली. धुराचा अलार्मही लावा, पण शेगडीच्या डोक्यावर नको, तीनेक मीटर लांब. नाहीतर फोडणीला वाजतो आणि वैतागून लोक त्याची बॅटरी काढतात.

तिखटमीठ

काचेच्या टॉपबद्दल घाईत, कुकर लावलाय.

वरच्या फळीवर जड काही नको. आमच्या बहिणीकडे वरून खलबत्ता पडला. कोपऱ्यात केसासारखी बारीक चीर. शेगडी चालू होती, म्हणून चालवत राहिले. दुरुस्तीवाला आला आणि पहिल्यांदा मेन पाडला. चिरेतून उतू गेलेलं पाणी आत गेलं तर थेट विजेपर्यंत पोचतं म्हणे. काच बदलेपर्यंत वापर बंद.

पाक सांडला तर गार होऊ द्यायचा नाही. साखर थिजताना काचेचे टवके घेऊन निघते. लगेच बंद करून, हातमोजा घालून, ब्लेडच्या खरवडणीने तापलेल्या भागातून बाहेर ओढायचा. बाकी डाग मात्र गार झाल्यावर. तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवलं की वाफेने बोटं भाजतात.

आणि काचेचं भांडं ओव्हनमध्ये चालतं म्हणून शेगडीवर ठेवू नका. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात काचेचा पाऊस पडला होता. नशीब कोणी जवळ नव्हतं.

शिट्टी झाली. पळते.

पोपटपंची

नावाप्रमाणे पोपटाचं बोलतो. नॉनस्टिक भांडं रिकामं तापत ठेवू नका, घरात पक्षी असेल तर अजिबात नाही. २६० अंशांच्या वर गेलं की लेप बिघडायला लागतो, आणि तो धूर पक्ष्यांना झेपत नाही, मरतात. विजेची शेगडी मोठी ठेवली तर रिकामं भांडं तिथवर चटकन पोचतं. आमच्या ओव्हनला स्वतःला जाळून साफ करायची सोय आहे, साडेचारशेच्या पुढे जातो. त्या दिवशी पिंजरा दुसऱ्या घरी.

गोधडी

दुसऱ्या घरी म्हणजे आमच्याकडे पाठवू नका एवढंच.

पोपटपंची

😄

मोरपंखी

वडिलांना पेसमेकर बसलाय. इंडक्शन काढून टाकावी का?

सांजवेळ

काढायची गरज नसते सहसा. चालू असताना पेसमेकर आणि शेगडी यांत निदान ६० सेंटिमीटर अंतर, असं आमच्या ओळखीच्यांना सांगितलं होतं. म्हणजे वाकून ढवळायचं नाही. पण त्यांच्या डॉक्टरांना विचाराच.

रिकामटेकडा

भाजलं तर टूथपेस्ट लावावी का बर्फ, यावर आमच्यात दोन पक्ष आहेत.

तिखटमीठ

दोन्ही हरले. नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. अंगठी, बांगडी आधी काढा, सूज आली की निघत नाही. मोठं भाजलं असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर घरगुती काही नकोच, दवाखाना.

सरमिसळ

कोणी ओव्हनच्या दाराबद्दल लिहिलं नाही म्हणून. भाचा, दीड-दोन वर्षांचा, ओव्हनचं दार उघडं दिसलं की पायरी समजून त्यावर चढायचा. एकदा चढला आणि सगळी रेंज पुढे कलंडली. वर काही शिजत नव्हतं आणि मेव्हण्याने खांद्याने अडवली. अशी रेंज पडू नये म्हणून मागच्या पायाला अडकवणारी लोखंडी पट्टी सोबत येते. अमेरिकी मानकात ती १९९१ पासून सक्तीची आहे. पण बसवणारे घाईत असतात आणि ती भिंतीत न बसवता तशीच सोडतात.

उंबरठा

आत्ता शेजारी जाऊन बघून आले. रेंजचा मागचा वरचा काठ धरून हळूच पुढे ओढला तर मागचे पाय उचलले गेले. पट्टी खालच्या खणात सापडली, स्क्रूसकट, पाकीटही फोडलेलं नाही. त्याच खणात आजींनी प्लॅस्टिकचे डबे लावलेत, तेही काढायला सांगितले, ओव्हन चालला की तो खण तापतो.

लोहचुंबक

ड्रिल मारायच्या आधी मागे वायर कुठून गेलीय ते बघा. आणि ब्रेकर पाडून.

उंबरठा

ड्रिल कोणाकडे आहे?

उचकी

दिरांकडे. पण ते टेकून उभे राहणार नाहीत याची हमी देत नाही.